नळीमागच्या रेघा

आमच्याकडे पोळ्यांना येणारी ताई मूळची अलीराजपूरकडची. थंडी पडली की तिच्या अकरा वर्षांच्या मुलाचे हातपाय असे ठणकायचे की पोरगं रात्रभर कण्हत पडायचं. दोन वर्षांत तीन दवाखाने झाले. प्रत्येक पर्चीवर तेच: कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या, आणि तोंडी 'वाढतं वय आहे, दुखायचंच'. त्याच काळात माझा गुडघा धरला, तर एका सकाळीत एक्स-रे, रक्त, एमआरआय सगळं उरकलं. मेडिक्लेम होता ना!

शेवटी त्यांच्या वस्तीत सिकलसेलच्या तपासणीचं शिबिर लागलं. सिकलसेल म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. मी सोबत गेले होते. बोटातून थेंबभर रक्त घेतलं, नळीतल्या पाण्यासारख्या द्रवात मिसळलं आणि मागे काळ्या रेघांचा कागद धरला. निरोगी रक्त असेल तर रेघा आरपार दिसतात. याची नळी गढूळच राहिली. काही मिनिटांचं काम! पुढच्या तपासणीत आजार पक्का झाला, आता त्यावरचं हायड्रॉक्सीयुरिया हे औषध चालू आहे.

निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा आजार 1952 सालीच सापडला होता. देशभर तपासणीची मोहीम सुरू झाली 2023 मध्ये, आपल्याच मध्य प्रदेशात, शहडोलला.

भावोजींना हे सांगितलं आणि म्हटलं, कुणाला काय होतंय ते आधी मोजायला पैसा घालायला हवा, तर म्हणाले, "अहो, औषधांना पैसा पुरत नाही, आणि तुम्ही म्हणता मोजमापावर खर्च करा?"

हो, म्हणते. 2017 पासून आपलं इंदूर स्वच्छतेत पहिलं येतंय, ते दरवर्षी कुणीतरी येऊन गुण देतं म्हणूनच ना? ओला-सुका कचरा कोण वेगळा देत नाही ते गाडीवाल्याला घरागणिक ठाऊक असतं. आजाराचं नाव कळायला कुणाला दोन दिवस लागले आणि कुणाला दोन वर्षं, हे मात्र कुणी लिहून ठेवत नाही. सरकारच्या नमुना नोंदणीप्रमाणे 2020 मध्ये मध्य प्रदेशात हजार जन्मांमागे 43 बाळं वर्षाच्या आत गेली. ग्रामीण 47, शहरी 30. त्या 'शहरी'त विजयनगरचा फ्लॅटही आला आणि नाल्याकाठची झोपडीही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या दांपत्याने आधी काय केलं? गावोगावी बाळांचे जन्म-मृत्यू नोंदले, कशाने जातात ते पाहिलं, मग गावातल्याच बायकांना शिकवलं. 39 गावांत नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले, आणि 1999 साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात, त्यामागे हे काम आहे.

आपल्या संस्था, ट्रस्ट डायलिसिसचं यंत्र आनंदाने देतात. यंत्रावर आजोबांच्या नावाची पाटी लावता येते, मोजणीच्या वहीवर कुठे लावणार? तरी मी आमच्या मंडळाच्या बैठकीत विषय काढणार आहे: एक वस्ती, दोन वर्षं, एक नोंद ठेवणारी मुलगी पगारावर. आणि काय सापडलं त्यावर इलाज करून पुन्हा मोजायचं.

रविवारी ताई धाकटीलाही तपासायला नेतेय. मला म्हणाली, "काकू, तुम्ही याल ना? तुम्ही असलात की ते नीट बोलतात."