चवीपुरतं बेकन

अमेरिकन जेवणातून मांस वगळणं सोपं आहे, असं टर्की बघून वाटतं. एवढा मोठा पक्षी टेबलाच्या मधोमध उताणा पडलेला असतो. तो वाढून घ्यायचा नाही, संपलं! पण खरी गोची मधोमध नसतेच, ती कडेला असते. घेवड्यात असते, पालेभाजीत असते, पावात असते, आणि गोडाधोडातसुद्धा असते.

हे ज्ञान मला आप्पांमुळे झालं. आप्पा म्हणजे माझे वडील. संगमेश्वरकडचे, गळ्यात तुळशीची माळ, मुक्काम सध्या आमच्याकडे नॉर्थ कॅरोलायनात. बाकीच्यांचे आईवडील इथे येताना मेतकूट, भाजणी, गोडा मसाला आणतात आणि ते संपत आलं की परतीच्या तिकिटाचं बघतात. आमच्या आप्पांनी विमानतळावरून घरी येतानाच गाडीत जाहीर केलं, "आमटी-भात मी तिकडे रोज खातो. इथली माणसं काय खातात ते करून घाल. फक्त माळेला चाललं पाहिजे."

हे 'फक्त' घेऊन मी शेजारीणबाईंकडे गेलो. त्या पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच. म्हणाल्या, काळजी कशाला करतोस, आमच्या साउथमध्ये भाज्याच भाज्या! खोटं नाही. इथल्या साध्या खानावळींत 'व्हेजिटेबल प्लेट' मिळते. यादीतून तीन-चार भाज्या आपण निवडायच्या. त्या यादीत मॅकरोनी-चीज हीसुद्धा भाजी असते. मॅकरोनीला भाजी मानणाऱ्या लोकांबद्दल मला नितांत आदर आहे, पण खऱ्या भाज्यांचं काय? कोलार्ड नावाचा कोबीच्या जातीतला जाड पाला असतो, तो मंद आचेवर तास न्‌ तास शिजतो, सोबतीला डुकराच्या पायाचा धुरी दिलेला तुकडा. घेवड्यात बेकन, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या पट्ट्या. बिस्किटं (ही चहात बुडवायची नव्हेत, मऊ पाव असतात) मळायची ती जुन्या रीतीप्रमाणे डुकराच्या चरबीत. आपण चवीपुरतं मीठ घालतो, इथे चवीपुरतं बेकन. शेजारीणबाईंच्या लेखी ते मांसच नव्हे, तो मसाला. "मीट अजिबात नाही हं," त्या छातीवर हात ठेवून सांगतात, "जरासं बेकन आहे."

मग मी लेबलं वाचायला लागलो. वूस्टरशायर सॉसात मासळी निघाली. 'व्हेजिटेबल सूप' लिहिलेल्या डब्यात गाईच्या हाडांचं पाणी निघालं. काही चीज बनवताना दूध घट्ट करायला वासराच्या जठरातलं रेनेट घालतात, हे मी आप्पांना सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवसापासून ते ज्ञानेश्वरी वाचायचं भिंग खिशात घालून दुकानात यायला लागले. एकेक डबा हातात घेऊन "हे काय रे?" असं खड्या आवाजात विचारायचे. पोथी बरी, असं मला वाटायला लागलं. तिला निदान अध्याय असतात.

बरं, या देशाला शाकाहाराचं वावडं होतं असंही नाही. कॉर्नफ्लेक्सवाले डॉक्टर केलॉग मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात रोग्यांना मांसाशिवाय जेवायला घालत. शेंगदाणे आणि गव्हाचं ग्लुटेन यांचं 'प्रोटोज' नावाचं नकली मांसही त्यांनी काढलं होतं. मी हे कौतुकाने सांगितलं. आप्पा म्हणाले, "शेंगदाणे होते, तर चटणी का नाही केली?" डॉक्टरांच्या वतीने मी काय उत्तर देणार!

असं चाललेलं असताना आला थँक्सगिव्हिंग, इथला टर्कीचा सण. नोव्हेंबरातला चौथा गुरुवार. शेजारीणबाईंनी आम्हाला सगळ्यांना बोलावलं आणि प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा ठरलं. मी आदल्या दिवशी यादी मागवून घेतली आणि आप्पांना खुशीत सांगितलं, बटाटे आहेत, रताळी आहेत, क्रॅनबेरीचा मुरंबा आहे. आप्पांचा चेहरा खुलला. "अरे, हा तर एकादशीचा फराळ!" त्यांच्या आनंदात विरजण घालायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण त्या रताळ्यांवर मार्शमॅलो नावाच्या मऊ, फुगीर मिठाईचा थर असतो, मार्शमॅलोत जिलेटिन असतं, आणि जिलेटिन बहुतेक वेळा डुकराच्या कातड्यातून काढतात. ही प्रथा काही इंग्लंडहून येऊन इथे वसलेल्या जुन्या 'पिलग्रिम' यात्रेकरूंच्या काळापासूनची नव्हे. 1917 साली मार्शमॅलो बनवणाऱ्या एका कंपनीने माल खपावा म्हणून पाककृतींची पुस्तिका छापून घेतली, तिच्यातून ही रताळी देशभर पसरली. घेवड्याचं कॅसरोल (सगळं एका भांड्यात घालून ओव्हनमध्ये भाजतात ते) तर 1955 मधलं, कॅम्बेल सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात डोर्कस रायली या बाईंनी जुळवलेलं. तेही कंपनीचं मशरूमचं सूप उठावं म्हणूनच. इथल्या परंपरेचा माग काढत गेलं की शेवटी कोणाचा तरी जाहिरात विभाग लागतो.

आमच्या वाट्याला मी बार्बेक्यू घेतलं. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात ते म्हणजे अख्खं डुक्कर, रात्रभर लाकडाच्या निखाऱ्यांवर भाजलेलं, वर व्हिनेगर आणि लाल मिरचीचा पातळ सॉस. पश्चिमेकडे त्याच सॉसात थोडा केचप घालतात, आणि त्यावरून पूर्वेच्या लोकांशी त्यांचं कायमचं वाकडं आहे. डुकराच्या जागी हल्ली कोवळा फणस घालतात. शिजला की त्याचे तंतोतंत मांसासारखे धागे सुटतात. संगमेश्वरात झाडाखाली पडून कुजणारा फणस मी थायलंडच्या डब्यातून डॉलर मोजून आणला. आप्पांनी किंमत रुपयांत करून बघितली आणि खुर्चीत बसले.

धुराची चव आणायला बाटलीतला लिक्विड स्मोक मिळतो. ही म्हणाली, बाटली कशाला, धुरी देऊ. पातेल्यात वाटी, वाटीत पेटता कोळसा, त्यावर तुपाची धार. वास अप्रतिम सुटला. त्या वासाची पहिली दाद स्मोक अलार्मने दिली. मी टॉवेल फडकवत स्टुलावर, ही सगळ्या खिडक्या उघडतेय, मुलगा कानांत बोटं घालून, आणि आप्पा सोफ्यावर शांतपणे विचारतायत, "इथे रोज अशीच घंटा वाजवून नैवेद्य दाखवतात का?"

जेवणात शेजारीणबाईंनी फणस पावात भरून, वर कोबीची कोशिंबीर घालून, पहिला घास घेतला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. "छान झालंय," त्या म्हणाल्या. "जरासं बेकन पडायला हवं होतं."

आप्पांनीही खाल्लं, सावकाश, पूर्ण. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "फणसाची भाजी बरी आहे. ओलं खोबरं घालायचं राहिलं तुझं."

आता एक जानेवारी तोंडावर आलीय. त्या दिवशी साउथमध्ये नशीब उघडावं म्हणून 'हॉपिन जॉन' खातात, म्हणजे चवळी आणि भात. आप्पा बेहद्द खूश आहेत. एवढं समुद्र ओलांडून शेवटी उसळ-भातच निघाला. शेजारीणबाईंनी त्यांच्यासाठी आपल्या हाताने, संपूर्ण शाकाहारी करून आणायचं कबूल केलंय. त्यांच्या पातेल्यात चवळीबरोबर आणखी कोण कोण शिजतंय ते सहज बघून ये म्हणून मी मघाशी हिला वाटीभर साखर मागायच्या निमित्ताने तिकडे पाठवलंय. अर्धा तास झाला, आणि फोनही उचलत नाहीये.