आधी खडा मोजा, मग फॉरवर्ड करा

आत्याच्या मुतखड्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली होती. दोन दिवस आधी तिनं ती परस्पर रद्द केली, फॅमिली ग्रुपवरच्या एका फॉरवर्डमुळे. मजकूर असा: ‘खडा कितीही मोठा असो, लेझरने एका बैठकीत पावडर होते. पाठीतून ऑपरेशन म्हणजे किडनीला कायमचं भोक. डॉक्टर बिल वाढवायला ते सांगतात. दुखत नसेल तर काहीच करू नका.’ खाली हात जोडलेले. आत्याचा खडा 28 मिलिमीटरचा आहे.

‘कितीही मोठा’ हे कोणी लिहिलं? 10 मिलिमीटरचा गोल खडा आणि 28 मिलिमीटरचा गोल खडा यांच्यात फरक तिपटीचा नाही, आकारमानात जवळजवळ 22 पटींचा आहे. आणि तो फोडायचा जेमतेम पाव मिलिमीटर जाडीच्या लेझर फायबरनं, लघवीच्या वाटेनं वर नेलेल्या दुर्बिणीतून. तास लांबतात, आत सोडलेल्या पाण्याचा दाब वाढतो, खड्यातले जंतू रक्तात जाऊ शकतात. म्हणून मोठ्या खड्याला डॉक्टर मध्येच थांबतात, स्टेंट, म्हणजे लघवी वाहती ठेवणारी बारीक नळी, आत घालतात आणि पुन्हा बोलावतात. झाली तुमची एक बैठक! आणि दोन-तीन बैठकांचं बिल कोण भरणार, तेही फॉरवर्डवाल्यानं सांगावं.

आता ते ‘कायमचं भोक’. पाठीतून करायच्या या ऑपरेशनला पीसीएनएल म्हणतात. त्यात पाठीतून सुई घालून तिच्या मार्गानं वाट हळूहळू रुंद करतात. रुंदी फार तर 10 मिलिमीटर, मिनी पद्धतीत त्याच्या निम्म्याच्या आसपास. खडा फोडून तुकडे तिथूनच बाहेर काढतात. वाट काही दिवसांत मिटते, मागे लहानसा व्रण राहतो. स्वीडनच्या फर्नस्ट्रॉम आणि योहानसन यांनी ही पद्धत मांडली 1976 साली. म्हणजे कालचा प्रयोग नव्हे. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत सरळ लिहिलंय: त्रास देणारा, 20 मिलिमीटरपेक्षा मोठा खडा असेल तर पहिला पर्याय पीसीएनएल. बाहेरून धक्के देऊन खडा फोडणं एवढ्या मोठ्या खड्याला पहिला उपाय म्हणून देऊच नये, हेही त्यातच आहे.

एक कबूल करतो, नाइलाजानं. पाठीतून करताना रक्तस्रावाचा धोका जास्त असतो, क्वचित रक्त चढवावं लागतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंदच करता येत नसतील, तर लेझरची दुर्बीण बरी. पण आत्या असल्या गोळ्या घेत नाही.

‘दुखत नसेल तर’ वाचून मात्र डोकंच फिरलं. शिंगांसारखा फाटे फुटलेला खडा अख्खी किडनी भरून बसतो आणि कित्येकदा कळही येत नाही. तसाच ठेवला तर किडनी निकामी होऊ शकते, जंतुसंसर्ग जिवावर बेतू शकतो.

आत्याला नवी तारीख मिळाली आहे, तीन आठवड्यांनंतरची. फॉरवर्ड पाठवणाऱ्या काकांना मी तिच्या सीटी स्कॅनचा फोटो पाठवला. निळ्या खुणा आल्या आहेत, उत्तर नाही.