अजून एक वाढू का?

मागच्या जानेवारीत लेकाने जेवता जेवता मोबाइलवर एक व्हिडिओ काढला. काही विशेष नव्हतं त्यात. मंगळवारची रात्र, भरली वांगी, आमटी, भात. नवरा कॉलेजातला कुठलासा किस्सा सांगतोय, धाकटीला हसून हसून ठसका लागलाय. एक मिनिट चाळीस सेकंद. लेकाने तो घरच्या ग्रुपवर टाकला. नणंदेने बदाम पाठवले, मीही पाठवले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात डबा खाताना मी तो परत बघितला आणि लक्षात आलं की यात मी नाहीच. म्हणजे आहे. उजव्या बाजूने तीनदा एक हात येतो, ताटात पोळी टाकतो आणि जातो. मनगटाला कणीक वाळलेली. मागून आवाज येतो, "अजून एक वाढू का?" सासूबाई तर हातापुरत्याही नाहीत. त्या आत तव्याशी.

लगेच काही डोक्यात वीज वगैरे चमकली नाही हो. पहिला विचार आला तो, बांगडी किती काळवंडलीय, पॉलिशला द्यायला हवी. दुसरा विचार यायला दोन दिवस गेले.

गंमत म्हणजे त्याआधीची दोन वर्षं मी घरात आनंद आणायच्या अगदी हात धुऊन मागे लागले होते. मोबाइल उघडला की कुणीतरी सांगतच असतं ना, हे करा, ते करा, घर कसं गोकुळ होईल. रविवारी संध्याकाळी सहा ते सात 'फॅमिली टाइम' ठेवून पाहिला. सगळ्यांचे फोन देवाच्या फुलांच्या परडीत. पाचही जण सोफ्यावर असे बसलो जसे दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसतात. मग एक काचेची बरणी आणली. रोज काय चांगलं घडलं ते चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचं. धाकटीने ओळीने चार दिवस 'आज मॅगी मिळाली' लिहिलं, जे खोटं होतं. तीन आठवड्यांनी त्या बरणीत दाण्याचं कूट भरलं. तारकर्लीला जाऊन आलो. मजा आली, खोटं कशाला बोलू. पण परत आल्यावर पाच जणांचे वाळूचे कपडे धुताना जी चिडचिड झाली तिने समुद्र पार आटवून टाकला.

या सगळ्या युक्त्यांमध्ये काहीतरी नवीन आणून घरात घालायचं असतं. वेळ घाला, सहल घाला, बरणी घाला. आणि ते घालणार कोण, तर आधीच जी दमलेली आहे तीच. घरात सुख वाढवायला निघालेल्या माणसाने आधी घरात सगळ्यात जास्त दमलेलं कोण आहे ते शोधावं, असं माझं आता स्पष्ट मत झालंय. बाकीचं नंतर.

आता पोळीचा हिशेब बघा. रात्रीच्या पोळ्या सोळा. लेक दहावीला, त्याच्या पाच. नवऱ्याच्या चार, धाकटीच्या दोन, सासूबाईंच्या दोन, माझ्या तीन. मी लाटणार, सासूबाई भाजणार. एका पोळीला दीड मिनिट धरलं तर बाहेरच्या तिघांच्या अकरा पोळ्या व्हायला सोळा-सतरा मिनिटं. शिवाय पोळी गरम द्यायची म्हणून प्रत्येक पोळीमागे एक खेप. पंखा लावायची सोय नाही, गॅस फडफडतो. मग आमच्या दोघींच्या पाच पोळ्या. त्या होईपर्यंत बाहेर भात संपून ताटात हात वाळत असतात. आम्ही दोघी बसणार तेव्हा टेबलावर आमटीचं रिकामं पातेलं, शेजारी टीव्ही, आणि गप्पा मारायला कुणी नाही. असं रोज, वर्षानुवर्षं. कुणी जबरदस्ती केलेली नाही. कुणी वाईट नाही. पोळी गरम खायची असते, एवढंच.

केंद्र सरकारचं एक 'टाइम यूज' सर्वेक्षण आहे. लोक दिवसभराचा वेळ कशात घालवतात ते घरोघरी विचारतात. २०१९ च्या सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा रोजचा वेळ निघाला २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. २०२४ मध्ये पुन्हा मोजलं, तेव्हा बायका २८९ आणि पुरुष ८८. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषांनी तेवढ्यात नऊ वाचवून घेतली! हे आकडे जे काही ना काही घरकाम करतात त्यांचेच आहेत. न करणारे त्यात धरलेलेच नाहीत, आणि ते न करणारे बहुतेक कोण असतील हे मी सांगायला नको.

मला त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांना आदला दिवस प्रसंगाप्रसंगाने आठवायला लावला आणि प्रत्येक वेळी मनाला कसं वाटत होतं ते नोंदवून घेतलं. जेवणाची वेळ बऱ्यापैकी वर आली, माणसांत बसून गप्पा मारणं त्याहून वर. घरकाम तळाच्या आसपास. टेक्सास कुठे, आमचं चिंचवड कुठे. पण मी आमच्या घराचा रात्री साडेआठचा अर्धा तास डोळ्यांसमोर आणला. भिंतीच्या एका बाजूला तिघं जण दिवसातला बरा अर्धा तास काढत होते. दुसऱ्या बाजूला आम्ही दोघी तोच अर्धा तास तळाच्या यादीत काढत होतो. वेळ तीच, पोळीही तीच.

फार कडू बोलायचं नाहीये मला. लहानपणी सांगलीला गणपतीत आमच्याकडे पुरुषांची पंगत आधी, मग मुलांची, बायकांची सगळ्यात शेवटी. तोवर मसालेभात खाली लागलेला, जिलबीचा चुरा उरलेला, आमटी पाणी घालून वाढवलेली. पण त्या पंगतीत आई, काकू, आत्या जे हसायच्या ते मी इतर वेळी कधी ऐकलं नाही. काकू तर पाय पसरून बसायची. तेव्हा शेवटच्या पंगतीला स्वतःचं सुख नव्हतं असं म्हणणार नाही. फक्त त्यात आठ-दहा बायका होत्या. फ्लॅटमध्ये दोघीच उरतो, आणि दोघींचीही पाठ दुखत असते.

तर मी जाहीर केलं, उद्यापासून पोळ्या आधी करून डब्यात, आणि सगळे एकदम बसणार.

नवरा म्हणाला, "म्हणजे गरम नाही मिळणार?" त्याच्या आवाजात खरंच दुःख होतं. मी म्हटलं, तू बार्शीचा ना, आठ-आठ दिवसांची कडक भाकरी शेंगाचटणीबरोबर मिटक्या मारत खातोस, ती कुठे गरम असते? यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर होतं ते सासूबाईंकडे. "गार पोळी वाढायची माणसांना? मी आहे तोवर नाही." त्या 'माणसांना'मध्ये त्या आणि मी येत नव्हतो, हे त्यांच्या लक्षातही आलं नसावं. मी वाद घालायच्या तयारीत होते, तेवढ्यात त्या सावकाश म्हणाल्या, "अगं, गरम पोळी ताटात पडली की पोरांचं तोंड कसं होतं, ते बघायला बरं वाटतं मला." आता यावर काय बोलायचं? चाळीस वर्षांत जे सुख त्यांना हाताशी मिळालं ते त्यांनी त्यातूनच काढलं होतं, आणि मी सर्वेक्षणाचे आकडे घेऊन ते काढून घ्यायला निघाले होते. मी दोन दिवस गप्प बसले. मग म्हटलं, आई, पंधरा दिवस करून बघू. नाही जमलं तर परत तवा.

पोळी मऊ राहिली नाही तर सगळं ओम् फस्, म्हणून त्यात मी जीव ओतला. ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी सांगते. फुलके करू नका, ते लगेच चिवट होतात. घडीची पोळी करा, घडीत तेल हात न आखडता लावा. कणीक नेहमीपेक्षा सैल भिजवा आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा. डब्याच्या तळाला सुती फडकं घाला, नाहीतर वाफेचं पाणी होऊन खालची पोळी गिच्च होते. झाकण लगेच घट्ट लावू नका. आठला सुरुवात केली की साडेआठला डबा भरतो. वरच्या चार-पाच पोळ्या तेव्हा चांगल्या गरमच असतात. नवऱ्याच्या दुःखाचा निकाल तिथेच लागला. कणीक आता तोच भिजवतो. पहिल्या दिवशी पाणी जास्त झालं म्हणून पीठ घातलं, पीठ जास्त झालं म्हणून पाणी घातलं, आणि दोन दिवसांची कणीक तयार झाली.

पहिल्या रात्री पाच ताटं एकदम मांडली. सासूबाई खुर्चीच्या कडेला टेकल्या, एसटीत मधल्या स्टॉपवर उतरायचं असल्यासारख्या. लोणचं आणायला उठल्या. मीठ आणायला उठल्या. लोणच्याचा चमचा आणायला उठल्या. धाकटीने मोजलं, सहा वेळा. आणि जेवल्या किती भराभर! सगळ्यांच्या आधी ताट रिकामं. एकटीने, मागची आवराआवर डोक्यात ठेवून जेवायची सवय, ती एका रात्रीत कुठे जाणार.

आठवड्याभराने त्या खुर्चीत मागे सरकून बसल्या. आणि मग, काय सांगू, आम्हाला कळलं की आमच्या घरात एक जबरदस्त खवचट खवय्या इतकी वर्षं उपाशी राहिलाय. "आमटीत गूळ पडलाच नाहीये." "ही गवार कुणी आणली, नुसत्या शिरा." "वांगी बरी झालीत, पण गोडा मसाला जरा जास्तच." मी चिडले. म्हटलं, आधी का नाही बोललात? तर म्हणाल्या, "मीठ कमी-जास्त झालेलं मला कळायचं सगळ्यांचं जेवून झाल्यावर. तेव्हा सांगून काय उपयोग?"

एका रात्री लेकाने पोळीच्या कडा ताटात टाकल्या. सासूबाई ओरडल्या नाहीत. मिलोबद्दल सांगायला लागल्या. १९७२ चा दुष्काळ. त्या तेव्हा अकरा वर्षांच्या. वडील खडी फोडायला दुष्काळी कामावर. तिथे सुकडी मिळायची आणि रेशनला परदेशातून आलेला मिलो, म्हणजे लाल ज्वारी. "भाकरी लाल व्हायची. थापताना तुटायची. आई तुकडे तुकडेच भाजायची, आणि आम्हा भावंडांना ते तुकडे जास्त वाटायचे, मोजायला जास्त ना!" असं म्हणून त्या खूप हसल्या. मुलं घास हातात धरून ऐकत होती. नवऱ्याने तर हे पहिल्यांदा ऐकलं, सेहेचाळिसाव्या वर्षी, स्वतःच्या आईकडून. लेकाने कडा खाल्ल्या की नाही ते मी बघितलं नाही.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल आमच्याकडे आता रोज दिवाळी. तसं काही नाही. एकत्र बसल्यामुळे भांडणंही एकत्र होतात. पूर्वी नवरा आणि लेक वाजायचे तेव्हा मी आत असायचे, आता मध्ये असते. दहावीचे मार्क, मोबाइल, नणंदेचं लग्नातलं देणंघेणं, सगळं त्या टेबलावर येतं. पण मला आत उभं राहून अर्धवट ऐकण्यापेक्षा हे बरं वाटतं. निदान भांडणाची सुरुवात कुणी केली हे तरी कळतं.

मैत्रिणी म्हणतात, एवढा खटाटोप कशाला, पोळ्यांना बाई लाव. लावावी, ज्यांना परवडतं त्यांनी जरूर लावावी. नाक्यावर पोळी-भाजी केंद्र असेल तर तिथून आणावी, त्यात कसला कमीपणा? फक्त एक गोष्ट मला टोचते. आमच्या मजल्यावर तीन घरी पोळ्या करणाऱ्या ताई लिफ्टमध्ये भेटतात. मी हौसेने त्यांना डब्याची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "वैनी, आमच्यात सगळे एका वेळी घरी असले तर एकदम बसतील ना." नवऱ्याची रात्रपाळी, मुलगा डिलिव्हरीवर. माझ्या डब्याला त्यांच्या घरात जागाच नव्हती. मी तिसऱ्या मजल्यावर उतरले.

आता शेवटचं, आणि हे मी लपवू शकले असते.

सोमवारी आमच्याकडे ज्वारीची भाकरी असते. भाकरी डब्यात घालायची नाही, हे माझंच म्हणणं. मी सांगलीची, टम्म फुगलेली भाकरी, वर लोणी, शेजारी भरलं वांगं, यात मी तडजोड करत नाही. त्यामुळे सोमवारी पाळी लावतो. एकीने थापायची, बाकीच्यांनी जेवायचं, मग अदलाबदल. परवा सासूबाई म्हणाल्या, तू बस आधी, मी टाकते. बसले. पहिली भाकरी आली. पापुद्रा उचलला तर वाफेने बोट भाजलं. लोणी त्यात दिसेनासं झालं. दुसरी आली. पाय समोरच्या खुर्चीवर टाकले होते, नवरा काहीतरी सांगत होता, मी ऐकत होते, आणि घास गिळता गिळता मान न वळवता आत हाक दिली, "आई, अजून अर्धी!"

टेबलावर सगळे गप्प झाले. धाकटी माझ्याकडे बघायला लागली. नवऱ्याने ओठ दाबून हसू आवरलं, ताटावरून उठला, आत गेला आणि भाकरी घेऊन आला. येताना स्वतःसाठीही एक आणली होती.