घरी शिकवा, पण कुणाला तरी तपासू द्या

"शाळेत नाही घातलं? कायद्यात बसतं का हे?" मुलीला घरी शिकवायला घेतल्यापासून हा प्रश्न पाठ सोडत नाही. उत्तर देशागणिक बदलतं. जर्मनीत शाळा सक्तीचीच. तिथल्या एका कुटुंबाने युरोपीय मानवाधिकार न्यायालयात धाव घेतली, तर २००६ मध्ये अर्जच फेटाळला गेला. फ्रान्समध्ये पूर्वी नुसतं कळवलं तरी भागायचं, २०२२ पासून आधी परवानगी काढावी लागते. भारताचा २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांबद्दल बोलतो, पण घरी शिकवण्याचं नाव काढत नाही. एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळा मंडळाची परीक्षा मात्र देता येते. दहावीसाठी वय १४ पूर्ण हवं.

अमेरिकेतली तफावत तर बघण्यासारखी. टेक्सासमध्ये सरकारला कळवायचीही गरज नाही. न्यूयॉर्कमध्ये वर्षाचा आराखडा द्या, दर तिमाहीला अहवाल द्या, वर्षाअखेरीस मूल्यमापन करून घ्या.

आमच्यातल्या बहुतेकांना टेक्सास आवडतं. मला न्यूयॉर्क. (आता शिव्या पडणार, पडू देत.)

कारण घरात शिकवणारेही आपण आणि तपासणारेही आपणच. माझी लेक टेपने फळी मोजते, बरोबर मध्यावर पेन्सिलीची खूण करते, उरलेल्याचे तीन भागही पाडते. कुणीही म्हणेल, अपूर्णांक आले. परवा एका शिक्षक मित्राने सहज विचारलं, दोन तृतीयांश मोठे की तीन चतुर्थांश? बाईसाहेब छताकडे बघत बसल्या. हा प्रश्न मला सुचला नसता. आईला लेकीचं येणारंच आधी दिसतं.

तपासणारा पाठ्यपुस्तकाची पानं मोजत बसला, तर घरी शिकवणाऱ्या पालकांची तक्रार रास्तच आहे. मूल इयत्तेच्या पुढेमागे असणारच, नाहीतर घरी शिकवायचं कशाला? पण कुणी बघायलाच नको, हे मला पटत नाही.

बाकी ऑनलाइन शाळा घ्या, तयार अभ्यासक्रम घ्या, की मुलाच्या कलाने चाला, ज्याचा त्याचा प्रश्न. फक्त शेवटी कोणती परीक्षा द्यायची, बाहेरून बसणाऱ्याला केंद्र मिळतं का आणि विज्ञानाचं प्रात्यक्षिक कुठे होणार, हे अर्ज भरायच्या आदल्या महिन्यात नको, दोन वर्षं आधी विचारा.