ग्वाकामोलेत बी पुरून काय साधते?

समाजमाध्यमांवर ग्वाकामोलेची, म्हणजे अ‍ॅव्होकॅडोचा गर कुस्करून केल्या जाणाऱ्या मेक्सिकन चटणीची, एक ‘झटपट’ कृती वारंवार पुढे पाठवली जाते. तिच्यात चार विधाने छातीठोकपणे केलेली असतात: कच्चा अ‍ॅव्होकॅडो अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून दहा मिनिटे ओव्हनमध्ये ठेवला की पिकतो, गर दही आणि मेयोनीज घालून मिक्सरमधून फिरवला की अस्सल चव येते, तयार ग्वाकामोलेत फळाची बी पुरून ठेवली की ते रात्रभर हिरवेगार राहते, आणि एवढे करूनही ते काळवंडलेच, तर विषारी झाले असे समजून फेकून द्यावे. यांतले एकही विधान तपासणीत टिकत नाही. शिवाय मुळात दहा मिनिटांत होणारा हा पदार्थ या युक्त्यांपायी उगाचच लांबतो आणि बिघडतो.

पहिले विधान पिकण्याविषयीचे आहे. अ‍ॅव्होकॅडो झाडावर पिकत नाही. पूर्ण वाढलेले फळ तोडल्यानंतर ते स्वतःच सोडत असलेल्या इथिलीन वायूमुळे पिकू लागते आणि पेशींना सांधून ठेवणारे पेक्टिन विकरांच्या (एन्झाइमांच्या) क्रियेने हळूहळू सुटत जाऊन गर लोण्यासारखा होतो. ओव्हनमध्ये यांतले काहीच घडत नाही. उष्णतेने गर शिजून नरम पडतो एवढेच. चव कच्ची, गवताळ राहते आणि तापवलेल्या अ‍ॅव्होकॅडोला येणारा कडवटपणा वर आणखी पदरी पडतो. घाई असेल तर कडक फळ एखाद्या पिकल्या केळ्यासोबत कागदी पिशवीत बंद करून ठेवावे, म्हणजे केळ्याच्या इथिलीनची जोड मिळून ते साधारण दोन ते चार दिवसांत तयार होते; आंब्याच्या अढीमागचे तत्त्व हेच आहे. कडक फळ फ्रीजमध्ये ठेवले तर पिकणे रखडते, मात्र पिकलेले फळ दोन-तीन दिवस रोखून धरायला फ्रीज चांगला. आयात होऊन येणाऱ्या हास जातीच्या फळाची साल पिकताना काळपट होते, तर कूर्ग आणि निलगिरीकडून ‘बटर फ्रूट’ म्हणून येणारी बरीच फळे पिकली तरी हिरवीच दिसतात, त्यामुळे रंगावर विसंबण्यापेक्षा देठाजवळ हलके दाबून पाहावे.

दुसऱ्या विधानात दोन चुका एकमेकींत मिसळल्या आहेत. मेक्सिकोत ग्वाकामोले परंपरेने मोल्काहेते नावाच्या, ज्वालामुखीच्या खडकातून घडवलेल्या खलात करतात: आधी कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि जाडे मीठ वाटून घेतात, मग त्यात गर घालून तो ओबडधोबड कुस्करतात. घरी दगडी खलबत्ता असेल तर उत्तमच. नसेल तर वाडगा आणि काटा पुरतो. मिक्सरमध्ये हवा मिसळून गर फेसाळ आणि एकसारखा गुळगुळीत होतो, आणि पुढे काळा पडण्याची घाईही तिथेच सुरू होते. दही-मेयोनीजला विरोध ‘हे मूळचे नाही’ या कारणासाठी करण्यात मात्र अर्थ नाही, कारण लिंबू, कांदा आणि कोथिंबीर हीसुद्धा स्पॅनिश लोकांनीच मेक्सिकोत नेली. खरी अडचण अशी की फळात स्निग्धता भरपूर असताना मेयोनीजने तिच्यात भर पडते आणि दह्याच्या पाण्याने गर सैल होतो. आपल्याकडच्या काही जातींच्या फळांत तेल कमी आणि पाणी जास्त असते, त्यामुळे इथे तर दही अधिकच नडते.

प्रमाण सांगायचे तर दोन मध्यम, पिकलेल्या फळांना दोन मोठे चमचे बारीक चिरलेला कांदा, एक हिरवी मिरची, मूठभर कोथिंबीर, एक मोठा चमचा लिंबाचा रस आणि चवीपुरते मीठ पुरते. लिंबासाठी वेगळे काही शोधावे लागत नाही. मेक्सिकोत वापरले जाणारे छोटे, पातळ सालीचे लिंबू आणि आपले कागदी लिंबू ही एकाच जातीची फळे आहेत. टोमॅटो हवा असल्यास बिया काढून, अगदी वाढताना घालावा.

बी पुरण्याची युक्ती सर्वांत लोकप्रिय असल्यामुळे तिचा विचार जरा सविस्तर करायला हवा. गर कापला किंवा कुस्करला की पेशी फुटतात, त्यांतील फिनॉल-संयुगे पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या विकराच्या संपर्कात येतात आणि हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने त्यांचे तपकिरी रंगद्रव्यात रूपांतर होते. ही क्रिया थांबवील असे कोणतेही द्रव्य बीमधून गरात पसरत नाही. बी उचलल्यावर तिच्याखालचा भाग हिरवा दिसतो हे खरे, आणि या समजुतीचा जन्म त्या निरीक्षणातूनच झाला असावा. परंतु तो हिरवेपणा केवळ तिथे हवा न पोहोचल्याचा परिणाम आहे. बीच्या जागी तेवढ्याच आकाराची काचेची गोटी ठेवली तरी तिच्याखालीही नेमके तेच दिसेल, आणि भोवतीचा उघडा भाग दोन्ही वेळा सारखाच काळवंडेल.

तेव्हा उपाय हवेवरच करायला हवा. ग्वाकामोले उभट डब्यात दाबून भरावे, आत पोकळी राहू देऊ नये, आणि पातळ प्लास्टिकचा कागद डब्याच्या तोंडावर ताणण्याऐवजी थेट गराच्या पृष्ठभागाला चिकटवावा. दुसरी पद्धत ऐकायला विचित्र वाटते, पण चोख काम करते: पृष्ठभाग सपाट करून त्यावर अलगद सेंटीमीटरभर पाणी ओतावे, झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवावे आणि खाण्यापूर्वी पाणी निथळून ढवळून घ्यावे. पाण्यातून ऑक्सिजन फार सावकाश झिरपतो आणि गर घट्ट, तेलकट असल्यामुळे पाणी आत फारसे शिरत नाही. लिंबाच्या रसातील आम्लामुळे विकर मंदावते आणि क जीवनसत्त्व तपकिरी रंग धरण्याच्या क्रियेला काही काळ थोपवते, पण डबा उघडा राहिला तर लिंबूही फार वेळ पुरत नाही.

चौथे विधान केवळ भीती घालणारे आहे. कापलेल्या सफरचंदाचा किंवा वांग्याचा रंग ज्या रासायनिक क्रियेने बदलतो, तीच क्रिया इथे घडते. तिने चव किंचित कडसर होते, विष तयार होत नाही. वरचा थर चमच्याने खरवडून काढला की खालचा भाग निर्धास्तपणे खाता येतो. फेकून द्यायचे ते आंबूस वास आल्यावर, बुडबुडे किंवा बुरशी दिसल्यावर, अथवा ते उन्हाळ्यात तासन्‌तास फ्रीजबाहेर राहिले असेल तेव्हा, मग त्याचा रंग कितीही हिरवा असो.