तुरटी, निळं औषध आणि एक सकर: हिरव्या टाकीच्या फॉरवर्डचा पंचनामा

उन्हाळा लागला की हा मेसेज हमखास फिरतो. यंदा सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग मावसभावाने पाठवला, मग एका दुकानदाराच्या स्टेटसवर दिसला. मजकूर असा: "फिश टँकचं पाणी हिरवं झालं? घाण साचलीय! सगळं पाणी काढा, खडे आणि फिल्टर नळाखाली घासून धुवा. नवीन पाण्यात तुरटी फिरवा, निळ्या औषधाचं एक झाकण टाका आणि एक सकर मासा सोडा. एका दिवसात टाकी काचेसारखी, परत कधी हिरवी होणार नाही."

सहा वर्षांपूर्वी मी यातलं सकर वगळता सगळं केलं होतं. संध्याकाळी टाकी खरंच झकास दिसत होती. पाचव्या दिवशी एक गोल्डफिश गेला, सातव्या दिवशी दुसरा, आणि दहाव्या दिवशी पाणी पुन्हा पाणीपुरीच्या पाण्यासारखं.

"घाण साचलीय." इथूनच गाडी चुकते. तो रंग पाण्यात तरंगणाऱ्या एकपेशीय शेवाळाचा असतो. एकेक पेशी काही मायक्रॉनची, म्हणून स्पंजमधून ती आरामात निसटते आणि फिल्टर कितीही चांगला असला तरी पाणी हिरवंच राहतं. माशांना या रंगाचा त्रास नसतो. मत्स्यबीज तयार करणारे पिल्लांसाठी असं पाणी मुद्दाम करतात. जपायचं ते रात्री, कारण अंधारात शेवाळही ऑक्सिजन खातं. हवेचा पंप तेवढा बंद करू नका. आणि पाणी पांढुरकं, दुधाळ असेल तर ते प्रकरण वेगळं, बहुतेकदा जिवाणूंचं. पांढऱ्या कागदापुढे ग्लासभर पाणी धरलं की फरक कळतो.

"सगळं पाणी काढा." साधा हिशोब करू. चांगल्या उजेडात हे शेवाळ दिवसाला दुप्पट होऊ शकतं. तुम्ही ९५ टक्के काढलंत, उरलं ५. उद्या १०, परवा २०, मग ४०, मग ८०. अगदी ९९ टक्के काढलंत तरी आठवड्याभरात मूळ पदावर. ऊन आणि शेवाळाचं खत (विष्ठा, उरलेलं खाद्य) तसंच राहिलं तर बादल्या वाहून फक्त कंबर धरते. वर नळाच्या पाण्यात क्लोरीन, तापमान वेगळं, पीएच (आम्लतेचं माप) वेगळा. माशांना तो धक्का निराळा.

"खडे आणि फिल्टर नळाखाली घासून धुवा." माझे गोल्डफिश बहुधा याच ओळीने मारले. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच सौम्य नायट्रेट करणारे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते स्पंजवर, खड्यांवर, काचेवर चिकटून वाढतात. म्हणजे तो किळसवाणा तपकिरी स्पंज हाच टाकीचा खरा कारखाना. क्लोरीनच्या पाण्याखाली तो पिळला की कारखाना बंद, आणि पुन्हा नीट चालू व्हायला चार ते सहा आठवडे. तोवर अमोनिया साचतो, कल्ले जळतात, मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात. गंमत अशी की तोच अमोनिया हिरव्या शेवाळाला मेजवानी. स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा हलका पिळा. बस.

"तुरटी फिरवा." यात तथ्य आहे, म्हणूनच ते पटतं. पावसाळ्यात गढूळ पाण्यात आजी तुरटी फिरवायची, जलशुद्धीकरण केंद्रातही तिचाच वापर होतो: बारीक कण एकमेकांना चिकटून खाली बसतात. पण केंद्रात तो गाळ वेगळा काढतात आणि पाणी वाळूच्या गाळणीतून जातं. तुमच्या टाकीत तो खड्यांत बसतो, कुजतो आणि पुढच्या शेवाळाचं खत होतो. दुसरं म्हणजे तुरटी पाण्याची क्षारता, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, खाते. बोअरवेलच्या जड पाण्यात हे खपून जाईल. धरणाच्या मऊ पाण्यात, म्हणजे मुंबई-पुण्याच्या बऱ्याच नळांना येतं त्यात, पीएच झपकन उतरू शकतो. आम्ल पाण्यात ॲल्युमिनियम विरघळलेलं राहतं आणि थेट कल्ल्यांवर बसतं. आजीच्या पिंपात मासे नव्हते.

"निळ्या औषधाचं झाकण." मिथिलीन ब्लू बुरशीसाठी आहे, शेवाळासाठी नाही. ते वरच्या कारखान्यातले उरलेसुरले जिवाणूही मारतं आणि काचेच्या सांध्यातलं सिलिकॉन कायमचं निळं करतं. (याच मेसेजच्या एका आवृत्तीत 'चिमूटभर मोरचूद' आहे. मोरचुदाने शेवाळ मरतं, खरंय. गोगलगायी, कोळंबी आणि मऊ पाण्यातले मासेही मरतात.)

"एक सकर सोडा." सकर काचेवरचं शेवाळ खरवडतो, तेही लहान असताना. तरंगणारं शेवाळ तो खाऊच शकत नाही. दोन फुटी टाकीसाठी आणलेलं बोटभर पिल्लू पुढे फुटाच्या वर जातं, भरपूर घाण करतं आणि शेवटी लोक त्याला तलावात सोडतात. ते तर मुळीच करू नका. देशातल्या कितीतरी नद्या-तळ्यांत हा मासा असाच घुसलाय.

"परत कधी हिरवी होणार नाही." होईल, कारण वरच्या एकाही उपायात उजेडाचा उल्लेख नाही. माझी टाकी पश्चिमेच्या खिडकीत होती, दिवा सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत, आणि मुलगी आणि सासूबाई एकमेकींना न सांगता खाद्य घालायच्या.

शेवटी जमलं ते असं. एकतृतीयांश पाणी बदललं, क्लोरीन काढायचं औषध घालून. दिवा बंद केला, चारी बाजूंनी आणि वरून जाड चादर गुंडाळली, पंप आणि फिल्टर चालू ठेवले, खाद्य शून्य. चार दिवस आत डोकावायचं नाही. आमच्याकडे हेच सगळ्यात कठीण गेलं. निरोगी मोठ्या माशांना चार दिवसांचा उपास सहज झेपतो. चादर काढल्यावर मेलेलं शेवाळ कुजून अमोनिया वाढू नये म्हणून लगेच पुन्हा निम्मं पाणी बदललं. ज्यांना थांबवत नाही त्यांनी यूव्ही दिवा घ्यावा. त्यातून पाणी हळू फिरवलं की तरंगतं शेवाळ मरतं. फक्त पेटलेल्या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका. नंतर टाकीचा नेहमीचा दिवा टायमरवर सात तास, खिडकीला पडदा, आणि खाद्य एकाच माणसाच्या हातात.

बाल्कनीत एका बादलीत मात्र मी मुद्दाम हिरवं पाणी करून ठेवलं होतं, डॅफ्नियासाठी, म्हणजे पाण्यातल्या पिसवांसाठी. त्या टिचभर जिवांनी आठवड्याभरात सगळी बादली खाऊन नितळ केली. आता ती परत हिरवी कशी होईल, या खटपटीत आहे.