काल तपासणारा, आज बनवणारा

परत तेच! फॉर्म्युला वन रेसचे नियम ठरवणाऱ्या आणि गाड्या तपासणाऱ्या एफआयए या संस्थेतला माणूस उठतो आणि थेट रेसच्या एखाद्या टीममध्ये. 2017 ला बुडकोव्स्की रेनॉकडे निघाला, 2018 ला मेकीज फेरारीत, 2024 ला टिम गॉस रेड बुलच्या धाकट्या टीमकडे, अरे काय चाललंय काय? नियमातली आपण शोधलेली पळवाट चालेल का हे सगळ्या टीम ज्याला आधीच विचारून घेतात तोच माणूस, आणि काही महिने गार्डनिंग लीव्हवर, म्हणजे नव्या नोकरीआधीच्या सक्तीच्या सुट्टीवर, बसला की म्हणे सगळं विसरणार, डोकं काय पेनड्राइव्ह आहे का फॉरमॅट मारायला! (बागेत करतात तरी काय एवढे दिवस?) तिकडे ड्रायव्हर सोडून चालला म्हटलं की पुढच्या गाडीच्या मीटिंगमधून बिचारा लगेच बाहेर. त्याला तर नुसतं स्टिअरिंग फिरवायचंय!